गेटवरची नोटीस

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, पनवेल सोडून चौककडे निघालं की आमचं लोधिवली लागतं. जवळच्या दांड फाट्यावरून एक रस्ता रसायनी-मोहोपाड्याकडे वळतो आणि पाताळगंगेच्या काठचे कारखाने सुरू होतात. इथल्या माणसाचा दिवस पाळ्यांवर चालतो आणि महिना सात तारखेवर. पगार सात तारखेच्या आत झाला की घर शांत असतं. आठवी उजाडली, नववी गेली, की चहाच्या टपरीवर आवाज चढतात.

या पट्ट्यातल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही : गेटवर लागलेली नोटीस वाचणं. बोनसची असेल तर लोक पुढे सरकून वाचतात. ओव्हरटाइम बंदची असेल तर मागूनच मान उंचावून वाचतात. ले-ऑफची असेल तर एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात.

ऑगस्ट २०२५मध्ये अशीच एक नोटीस आमच्या घरात मोबाइलवर वाचली गेली. माझा पुतण्या मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा चाहता. आकाशी निळी जर्सी धुऊन वाळत टाकायची ती सावलीत, रंग उडू नये म्हणून. त्याने बातमी वाचली की बेंगळुरू एफसीने आपल्या मुख्य संघाच्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. इंडियन सुपर लीगचा हंगाम जुलैपासूनच लटकलेला होता. पोरगा चिडला आणि जवळ जे दिसलं त्याच्यावर चिडला, म्हणजे खेळाडूंवर. ‘एवढे पैसे घेतात आणि आता खेळत पण नाहीत!’

माझे चुलते पाताळगंगेच्या पट्ट्यातून निवृत्त झालेले, दोन-तीन वेतन करार जवळून पाहिलेले. त्यांनी चष्मा काढून एकच प्रश्न विचारला, ‘संप आहे का टाळेबंदी?’

पुतण्याला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही नीट देता आलं नसतं. पण अख्ख्या प्रकरणाची किल्ली त्याच प्रश्नात होती, आणि फुटबॉलच्या बातम्या देणाऱ्या बहुतेकांनी तो विचारलाच नव्हता.

संप म्हणजे कामगार एकत्र येऊन काम थांबवतो. टाळेबंदी म्हणजे मालक कामाची जागा बंद करतो, काम स्थगित करतो किंवा कामावर ठेवायला नकार देतो. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने हा फरक लिहून ठेवला. २१ नोव्हेंबर २०२५ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी तो फरक मिटलेला नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. गेट बंद, आत शांतता, बाहेर माणसं उभी. रस्त्यावरून जाणारा म्हणतो, ‘कंपनी बंद आहे.’ पण काम कुणी थांबवलं यावरून दोष कुणाचा, भरपाई कुणाची आणि बोलणी कुणी सुरू करायची हे ठरत असतं.

भारतीय फुटबॉलमध्ये खेळाडूंनी काम थांबवलेलं नव्हतं. ते सराव करायला तयार होते, बूट बांधून बसले होते. काम वरून थांबलं होतं, आणि तेही त्यांच्याशी केलेल्या करारामुळे नव्हे. वरच्या दोघांनी पंधरा वर्षांपूर्वी केलेला एक करार संपत आला होता.

तो करार असा. २०१०च्या डिसेंबरात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्स या कंपनीला आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी दिले. रक्कम ७०० कोटी रुपये. याच हक्कांतून पुढे फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड ही कंपनी उभी राहिली आणि २०१४मध्ये आठ संघांची इंडियन सुपर लीग सुरू झाली. महासंघाला वर्षाकाठी ठरलेले पैसे मिळायचे, लीग ही कंपनी चालवायची, क्लब आपापले खेळाडू आणायचे. कराराची मुदत ८ डिसेंबर २०२५. लीगचा हंगाम मात्र सप्टेंबरच्या सुमारास सुरू होऊन पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत चालणारा, म्हणजे हंगाम अर्ध्यावर असतानाच करार संपणार होता. महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात पडून होता. त्याचा निकाल लागेपर्यंत पुढच्या दीर्घ कराराला वाट नव्हती. ११ जुलै २०२५ला कंपनीने क्लबांना कळवलं की कराराची स्पष्टता नसताना हंगाम पुढे नेता येत नाही.

यातल्या रिलायन्स या नावाचा पाताळगंगेचा कारखाना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून आमच्या डोळ्यांसमोर आहे आणि त्यांचं रुग्णालय आमच्या लोधिवलीतच आहे. त्यामुळे ही बातमी आमच्याकडे दिल्ली-कोलकात्याची राहिली नाही. करार संपला, नवा झाला नाही, मधल्या काळात काय, हा प्रश्न इथल्या प्रत्येक घराने कधी ना कधी पाहिलेला आहे. फरक एवढाच की कारखान्यातला वेतन करार संपला तरी नवा होईपर्यंत जुना पगार चालू राहतो. वाढीव रक्कम मागाहून थकबाकी म्हणून हातात येते. फुटबॉलमध्ये वरचा करार संपायच्या आधीच खालचा पगार थांबला.

हे असं का झालं, हे समजायला आमची नदीच बघावी. पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. सह्याद्रीच्या पायथ्याच्या इतर बऱ्याच नद्या मार्चमध्ये दगड दाखवू लागतात. पाताळगंगेला मात्र खोपोलीच्या टाटा वीजगृहाचं पाणी येतं. १९१५पासून घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी नळांतून खाली येतं, वीज करतं आणि नदीत सुटतं. त्या पाण्यावर खालचे कारखाने आणि गावं उभी राहिली. नदी जिवंत दिसते, पण तिचा उन्हाळा एका झडपेवर अवलंबून आहे. सुपर लीगचं तसंच होतं. दहा वर्षं ती भरून वाहताना दिसली : दिव्यांची मैदानं, परदेशी प्रशिक्षक, टीव्हीवरचे रंग. पैसा मात्र एकाच दारातून सुटत होता. बहुतेक क्लब तोट्यात चालत होते. मालकांनी खिशातून घालायचं आणि वरून लीगचा वाटा यायचा. वरचं दार बंद होण्याची चिन्हं दिसताच काही आठवड्यांत कोरडं पडलं ते खालचं पात्र. ऑगस्टच्या सुरुवातीला बेंगळुरूने पगार थांबवले, ओडिशा एफसीने खेळाडूंचे करार स्थगित केले, चेन्नईयिनने मुख्य संघाचं काम थांबवलं.

इथे खेळाडूची कोंडी नीट पाहिली पाहिजे. कारखान्यातल्या कायम कामगाराला ले-ऑफ दिला, तर कायद्याच्या अटींत बसणाऱ्याला निम्मा पगार आणि निम्मा महागाई भत्ता मिळतो. फार नसतो तो, पण डाळ-तांदूळ येतो. व्यावसायिक फुटबॉलपटूचा विवाद कामगार आयुक्तांच्या दारात सहसा जात नाही. तो महासंघाच्या समितीकडे जातो, आणि परदेशी खेळाडू असेल तर फिफाकडे. फिफाने २०१८मध्ये एक चांगला नियम केला : क्लबने दोन महिन्यांचा पगार थकवला तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत द्यायची, आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार तोडून मोकळं व्हायचं. कागदावर हे खेळाडूच्या हातातलं मोठं हत्यार आहे. पण हा नियम एका क्लबने पैसे बुडवले तर काय, याचा विचार करून केलेला. अख्खी लीगच थांबली तर करार तोडून जायचं कुठे? शेजारच्या कंपनीच्या गेटवर पण तीच नोटीस लागलेली असेल, तर राजीनामा खिशात ठेवून काय उपयोग?

त्यात फुटबॉलपटूचं नोकरीचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं. आमच्याकडे बावीस वर्षांचा मुलगा कंपनीत लागला तर अठ्ठावन्नपर्यंतचं गणित मांडतो. बचाव फळीतला खेळाडू बावीसचा असेल तर तिशीच्या पुढे त्याला कुणी विचारेल का, हे सांगता येत नाही. एक हंगाम वाया जाणं म्हणजे त्याच्या नोकरीचा दहावा हिस्सा जाणं. आणि पगार फक्त अकरा जणांचे थांबत नाहीत. फिजिओ, किट सांभाळणारा, गवत कापणारा, अकादमीतला प्रशिक्षक, बसचा ड्रायव्हर यांची नावं कुठल्याच बातमीत आली नाहीत.

आता पुतण्याच्या रागाकडे येतो, कारण तो राग खोटा नव्हता. ‘एवढे पैसे घेतात’ हे वाक्य जगातल्या प्रत्येक फुटबॉल वादात ऐकू येतं, आणि त्याला सगळ्यात चांगलं उत्तर एका खाणकामगारानेच दिलेलं आहे.

इंग्लंडमध्ये १९६०-६१पर्यंत फुटबॉलपटूच्या पगाराला कमाल मर्यादा होती : हंगामात आठवड्याला २० पौंड. मैदानात पन्नास हजार लोक तिकीट काढून येवोत, खेळाडूला त्याहून जास्त द्यायला बंदी होती. शिवाय करार संपला तरी क्लब त्याला अडकवून ठेवू शकत असे. जिमी हिल हा खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि जानेवारी १९६१मध्ये संपाची तारीख ठरली. संपाआधीच्या सभांमध्ये मँचेस्टरच्या सभेचा किस्सा आजही सांगतात. एक तरुण खेळाडू उठला आणि म्हणाला, माझे वडील कोळशाच्या खाणीत राबतात, त्यांना आपल्याइतके मिळत नाहीत, मग आपण कोणत्या तोंडाने संप करायचा? सभा गप्प झाली. तेव्हा बोल्टनचा टॉमी बँक्स उभा राहिला. तो स्वतः खाणीत काम केलेला. त्याने त्या पोराला सांगितलं की तुझ्या वडिलांना निरोप दे, त्यांची पाळी मी करतो, शनिवारी दुपारी त्यांनी माझ्या जागी येऊन स्टॅन्ली मॅथ्यूजला अडवून दाखवावं. मॅथ्यूज म्हणजे त्या काळचा चेंडूचा जादूगार. संप प्रत्यक्षात करावा लागला नाही. त्याच महिन्यात कमाल मर्यादा गेली.

हा किस्सा मी चुलत्यांना सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘बॉयलर अटेंडंटलापण लोक असंच म्हणायचे. नुसता बसून असतो, म्हणे. बसला नाही म्हणजे कळेल.’

खेळाडूला मिळणारे पैसे जास्त की कमी हा वाद घालता येतो आणि घालावा. सुपर लीगमधल्या मोठ्या नावांच्या आणि नव्या पोरांच्या करारांत जमीन-अस्मानाची तफावत आहे, हेही खरं. पण ठरलेला पगार वेळेवर न मिळणं हा वेगळा प्रश्न आहे. स्पेनमध्ये ऑगस्ट २०११ला लीगची पहिली फेरी खेळाडूंनी होऊ दिली नाही. त्या संपाचा मुद्दा पगारवाढ नव्हताच. सुमारे २०० खेळाडूंचे, त्यातले बरेच खालच्या विभागांतले, पैसे क्लबांनी थकवलेले होते, आणि त्यांच्यासाठी बार्सिलोना-रिअल माद्रिदचे श्रीमंत खेळाडूही संघटनेबरोबर उभे राहिले. भारतात फुटबॉलपटूंची संघटना २००६पासून आहे. मात्र गेटवर सभा घेऊन काम थांबवण्याची ताकद तिच्यात अजून आलेली नाही.

पूर्वी आपल्याकडे ही वेळ येत नव्हती, कारण फुटबॉलपटू आधी नोकरदार होता आणि मग खेळाडू. मुंबईचं फुटबॉल कंपन्यांनी आणि बँकांनी पोसलं : टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, बँक ऑफ इंडिया, आरसीएफ, महिंद्र. १८९१पासूनच्या रोव्हर्स करंडकासाठी कूपरेजच्या मैदानावर सगळ्या देशातले संघ यायचे. चांगला खेळणाऱ्या पोराला ‘चिकटवून घ्यायचे’. हजेरीपटावर नाव, दुपारनंतर सरावाला सुट्टी, गुडघा गेला तरी टेबल शाबूत. पैसे कमी होते, पण सात तारीख चुकत नव्हती. १९९६ला राष्ट्रीय लीग आली, २००७ला आय-लीग, आणि आशियाई महासंघाच्या अटींनुसार क्लब हा स्वतंत्र, परवानाधारक, व्यावसायिक असावा असं ठरलं. खेळाच्या दर्जासाठी ते योग्यच होतं. पण टेबल गेलं आणि त्याच्या जागी नुसता करार आला, हे कुणी फारसं मोठ्याने बोललं नाही.

मग महाराष्ट्रात काय झालं ते तारखांनीच सांगतो. महिंद्र युनायटेड २००५-०६मध्ये राष्ट्रीय विजेता झाला. त्याच समूहाचा पोलाद कारखाना आमच्या खोपोलीत होता, त्यामुळे या संघाबद्दल इथे आपुलकी होती. २०१०मध्ये कंपनीने संघ बंद केला. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ला आला आणि २०१५ला गेला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एक हंगाम खेळून २०१५लाच संपला. मुंबई एफसी २०१७मध्ये. सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९मध्ये. दहा वर्षांच्या आत पाच संघ.

यातल्या शेवटच्या संघाची गोष्ट मला फार लागते. पुण्याची लीगमधली जागा २०१९मध्ये हैदराबादला गेली. पुण्यात बालेवाडीच्या मैदानात नारंगी जर्सी घालून ओरडणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. हैदराबादने २०२१-२२चा करंडक जिंकला, तिथे नवे चाहते तयार झाले. दोन वर्षांत तिथले पगार थकले, खेळाडू करार तोडून निघून गेले, फिफाने नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली, आणि २०२३-२४ला तो संघ तक्त्याच्या तळाला गेला. २०२५मध्ये तो दिल्लीला हलला, नावही बदललं. पुणे, हैदराबाद, दिल्ली. आमच्या भागातले लोक हे ऐकून लगेच ओळखतात. यंत्रं ट्रकवर चढवून प्लांट दुसऱ्या राज्यात नेतात, तसंच हे झालं. कामगाराला निदान हिशेब मागता येतो : ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, नोटिशीचा पगार. २०१७च्या मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीच्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्समधले तोट्यातले प्रकल्प बंद करायचं ठरवलं, तेव्हा त्याच निर्णयात कर्मचाऱ्यांच्या देण्यांचा विचार करावा लागला. चाहत्याचं देणं कुठल्या रकान्यात लिहायचं?

चाहता काय घालतो हे एकदा मोजून बघा. लोधिवलीहून मुंबई सिटीचा सामना बघायला जायचं तर एसटी किंवा सहा आसनी रिक्षाने पनवेल, तिथून हार्बरची लोकल थेट अंधेरीपर्यंत, पुढे मेट्रोने आझादनगर आणि मग चालत मैदान. सामना साडेसातचा. संपेपर्यंत साडेनऊ. जादा वेळ मिळाला तर आनंद सामन्याचा आणि काळजी लोकलची. पनवेलला उतरल्यावर फाट्यापर्यंत जे वाहन मिळेल ते. पहाटेची पाळी असेल तर झोप नाहीच. पुतण्या हे हंगामात तीन-चार वेळा करतो, मित्रांबरोबर, घरून नेलेल्या भाकरीच्या पिशवीसह. ७ हजारांच्या आसपास माणसं बसतील असं ते मैदान, पण त्याच्या लेखी ते पंढरपूर आहे. ६ नोव्हेंबर २०२३ला सौदी अरेबियाचा अल हिलाल नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर मुंबई सिटीशी खेळला, तेव्हा त्यांचा नेमार दुखापतीमुळे आला नाही हे माहीत असूनही तो लोकलमध्ये उभ्याने तिथे गेला होता.

एवढं घालणारा माणूस कुठल्याही करारात पक्षकार नाही. महासंघ आणि कंपनी यांच्या करारावर त्याची सही नाही. क्लब-लीग करारावर नाही. क्लब-खेळाडू करारावर नाही. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात जे छापलेलं असतं, तेवढाच त्याचा कागद. म्हणून त्याचा राग भरकटतो. कामगाराचा राग युनियनकडे जातो, मालकाचा वकिलाकडे, चाहत्याचा राग जो समोर दिसतो त्या खेळाडूवर फुटतो. माझं स्पष्ट मत आहे की मालक, महासंघ आणि लीगवाले या रागाची दिशा बदलण्याची तसदी घेत नाहीत, कारण तो आपल्यापर्यंत येत नाही हे त्यांना सोयीचं असतं.

हे सगळीकडे असंच असतं असंही नाही. जर्मनीत व्यावसायिक क्लबचे निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांकडे राहावेत असा नियम आहे, आणि सभासद म्हणजे वर्गणी भरणारे साधे चाहते. पण जर्मनी कशाला, कोल्हापूर बघा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल, दिलबहार यांचे सामने होतात तेव्हा पेठाच्या पेठा येऊन बसतात. या संघांची मुळं तालमीत आहेत. पाटाकडील तालमीचा संघ उद्या उचलून हैदराबादला नेतो असं कुणी म्हणून दाखवावं! तिथे पैशाचे प्रश्न आहेत, पंचांवरून राडे होतात, प्रेक्षकांच्या भांडणांनी स्पर्धा थांबल्यात, बाहेरचे खेळाडू आणण्याची चढाओढही आहे. त्यात सुधारायला पुष्कळ जागा आहे. पण संघ कुणाचा, हा प्रश्न कोल्हापुरात पडत नाही. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही.

२०२५चा पावसाळा गेला, दिवाळी आली. १९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि महासंघाने लीगच्या हक्कांसाठी निविदा काढल्या. नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. ज्या मालासाठी पंधरा वर्षांपूर्वी ७०० कोटी मिळाले, तो घ्यायला कुणीच आलं नाही. खेळाडूंनी एकत्र निवेदन काढलं : आम्हाला खेळू द्या. त्याच सुमारास भारतीय संघ ऑक्टोबरमध्ये गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२ आणि नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ असा हरला. त्याचं खापर एकट्या बंद लीगवर फोडणं योग्य नाही, पण महिनोन्‌महिने लीगचा सामना न खेळलेले पाय नव्वद मिनिटं कसे टिकणार? आमच्याकडे सहा महिने बंद राहिलेलं यंत्र पहिल्याच दिवशी पूर्ण क्षमतेवर कुणी चालवत नाही.

सात डिसेंबरला फातोर्ड्यात एफसी गोवाने ईस्ट बंगालला पेनल्टींवर हरवून सुपर कप जिंकला. दुसऱ्याच दिवशी तो १५ वर्षांचा करार संपला. हातात चषक आणि पुढे हंगाम नाही, अशी गोव्याची स्थिती. त्याच महिन्याच्या २४ तारखेला आशियाई स्पर्धेत ताजिकिस्तानच्या इस्तिक्लोलविरुद्ध खेळताना गोव्याच्या खेळाडूंनी एक गोष्ट केली, जी मला या सगळ्या वादात सर्वांत बोलकी वाटते. सुरुवातीची शिट्टी झाली आणि ते काही क्षण जागचे हलले नाहीत. नुसते उभे राहिले. ज्यांना कुणी गेटवर सभा घेऊ देत नाही, त्यांनी मैदानाच्या मधोमध घेतलेली ती गेट मीटिंग होती. आणि प्रेक्षक त्यांच्यावर चिडले नाहीत. तेव्हापर्यंत त्यांनाही नोटीस वाचता येऊ लागली होती.

दोनच दिवसांत आमच्या घरात वेगळी बातमी आली. मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९मध्ये घेतलेला मुंबई सिटीतला ६५ टक्के हिस्सा सोडला. त्यांच्या काळात क्लबने दोनदा करंडक आणि दोनदा लीग शील्ड जिंकली होती. जगातला एवढा मोठा फुटबॉल उद्योग हात झटकून निघतो तेव्हा पोराला काय समजावायचं? तो त्या दिवशी जर्सीबद्दल काही बोलला नाही. जानेवारीच्या सुरुवातीला सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन आणि इतर खेळाडूंचा व्हिडिओ आला. आपल्याच देशाच्या फुटबॉलमध्ये लक्ष घालावं म्हणून ते फिफाला विनवत होते. पुतण्याने तो मला दाखवला, पुन्हा लावला आणि म्हणाला, ‘काका, हे तर आपल्यासारखंच बोलतायत.’ ऑगस्टमध्ये खेळाडूंवर चिडलेला तो हाच.

काही दिवसांतच केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं : १४ फेब्रुवारी २०२६पासून लीग, १४ क्लब, एकेरी साखळीचे ९१ सामने. छोटा हंगाम, अपुरा पैसा. क्लबांनी खेळाडूंना पगारात कपात मान्य करण्याची गळ घातली, आणि सात महिने लीगविना बसलेला माणूस अशा वेळी काय म्हणणार? आमच्याकडेही बंद पडलेली कंपनी पुन्हा सुरू होते तेव्हा सगळ्यांच्या सह्या आधी कमी पगारावर होतात, आणि लोक हसतमुखाने आत जातात.

चौदा तारखेला संध्याकाळी कोलकात्यात मोहन बागान आणि केरला ब्लास्टर्सचा सामना होता. पुतण्याने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ओटीवर लावला. शेजारची दोन पोरं आली. चुलते जेवण आटोपून आले, स्टूल ओढलं आणि पडद्याकडे बघत विचारलं, ‘यांचा पगार झाला का रे?’

‘काहींचा झाला असंल, आजोबा. कमी करून.’

‘आणि नवा करार किती वर्षांचा?’

‘या हंगामापुरतं चाललंय.’

चुलत्यांनी ‘हं’ केलं आणि स्टूल आणखी पुढे सरकवलं.